ओंडका

थुआनने स्पीडबोटीच्या फायबरवरचा खोल चरा घासायला घेतला. बोटीचा मालक शेजारीच काजू खात उभा होता.

"समुद्रात ओंडका आडवा आला, काका. काय घाण दिसतंय हे! असं भरा, की मागमूस राहता कामा नये."

चऱ्यातून आधी लाल रंग निघाला, मग पांढरा, मग काळा. तीस वर्षं गावातल्या होड्या दुरुस्त करणाऱ्या थुआनने घासायचा कागद खाली ठेवला. तो मालकाच्या बुटांशेजारी पचकन थुंकला.

"काका! हे काय?"

"लाल होडी, पांढरे डोळे, काळी बुबुळं. हाई कोळ्याच्या होडीच्या तोंडावर मीच रंगवले होते ते डोळे. परवापासून सगळं गाव किनाऱ्यावर वाट बघतंय तिची. ओंडक्याला डोळे होते, साहेब. तुमचे कुठे गेले होते?"