तळहातावरची स्कॉच

तुलारामांनी तळहातावर थेंबभर स्कॉच घेतली, दुसऱ्या तळव्याने चोळली आणि हात नाकाशी नेला.

"बोला मामाजी," जावई हिरालाल पुढे सरकला. त्याच्या दुकानात कोसा रेशीम घ्यायला आलेल्या एका परदेशी पाहुण्याने ती बाटली भेट दिली होती. शेरी नावाची द्राक्षांची दारू ज्या पिपात असते, त्या रिकाम्या पिपात ही म्हणे बारा वर्षं मुरली होती.

गावी, सानगडीत, तुलारामांच्या नाकाला मान होता. मोहाच्या दारूची पहिली धार आधी त्यांच्या तळहातावर पडायची. आज मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "तातडीने या, भेटीत बोलू," एवढंच जावयाने पत्रात लिहिलं होतं. लेक कौशल्येच्या लग्नाला सात वर्षं झाली, अजून पाळणा हलला नव्हता. विहीणबाई दुसरी सून बघताहेत, असं कानावर आलं होतं. लेकीला परत न्यायलाच बोलावलं असेल, या धास्तीने ते चैत्राच्या उन्हात एसटीने भंडाऱ्याला आले होते.

"मनुका," ते हळूच म्हणाले. "मंग सुकलेलं मोहफूल. मांगून ओलं लाकूड. घाई करनाऱ्या मानसाचं काम नाही हे."

"नुसत्या वासानं का समजते? एक घोट घ्या."

"नाही जवाईबापू."

"सात वर्सं झाली, तुमी पान्याची सुराही घरून आनता. आमच्या नळाले का जहर हाय?"

"रीत हाय बापा. लेकीच्या घरी लेकरू खेळल्याबिगर तिच्या घरचं पानी बी..." तुलारामांनी जीभ चावली. नको तोच विषय आपल्याच तोंडून निघाला होता.

हिरालाल स्वयंपाकघराकडे वळला. "आयकलं का वं? बाबा का म्हनून राह्यले, पाय!"

कौशल्या हात पुसत दारात आली. तुलारामांनी मान खाली घातली. ती रडत असेल तर त्यांना बघायचं नव्हतं. तळवे अजून ओलसर होते, ते त्यांनी धोतराला पुसले.

"अवो, बूच लावून ठेवा त्या बाटलीले," ती नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टरीणबाईनं दसऱ्याच्या आतली तारीख देल्ली हाय. तवा पितीन बाबा."