वाकड्या देठाचं फूल

मेंढरांची लोकर कातरली की पाठीवर गेरूची खूण करायची, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी आपलं मेंढरू ओळखता येतं. गोऱ्या सरकारनं मार्शल लॉ लावला त्या सालात मी ते काम माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, केराला सांगितलं. आमची खूण साधा ठिपका, पण पोरीनं प्रत्येक पाठीवर फूल काढलं, तेही वाकड्या देठाचं. तळ्यावर बाकीचे मेंढके हसले, तसा मी तिच्यावर खेकसलो, "ह्ये काय फूल हाय व्हय?" "आबा, मेंढरू चालायला लागलं की बगा," ती म्हणाली. कळप निघाला आणि माळावर सगळी फुलं डुलायला लागली. पुढं दरसाल तीच खुणा करायची. यंदा ती अक्कलकोटाकडं नांदायला गेली. फुलं मी काढली. बायको बघून म्हणाली, "आवं, तुमचा हात चांगला हाय की. मग देठ वाकडा कशापायी?" "सरळ देठाचं मेंढरू आपलं न्हाय."