भुजिंगची पहिली बशी

नवरा सदानंद गेल्यानंतर जयवंतीने आगाशीच्या नाक्यावरची गाडी आज पहिल्यांदा एकटीने लावली. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी पोह्यांत परतून भुजिंग तयार झालं. पहिला घास गिऱ्हाईकाचा, आपण आधी चाखायचं नाही, हा नवऱ्याचा दंडक. म्हणून पहिली बशी तिने खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्या वेदांतला दिली आणि जीव मुठीत धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "वाह! बँकॉकच्या गल्ल्या विसराल! डिट्टो काकांच्याच हातची चव!" चमचा ओठांपाशी नेऊन तो कॅमेऱ्याला म्हणाला. "काकू, फोकस गेला. परत एकदा!" पाचव्यांदाही चमचा भरलेलाच खाली आला, तेव्हा तिचं डोकं फिरलं. "मेल्या, खातोस कधी?" "काकू, आज माझा गुरुवार. नुसती अ‍ॅक्टिंग!" तिने बशी हिसकावली आणि थंडगार घास स्वतःच तोंडात टाकला. "अळणी! मीठ नेहमी तुझे काका घालायचे!"