दोनदा टकटक

बाबा गेल्यापासून त्यांचा लिनक्स संगणक मी वापरते. अपडेट करताना सॉफ्टवेअरचं एक पॅकेज दरवेळी अर्ध्यावरच अडतं. मी सर्व्हर बदलला, अर्धवट उतरलेल्या फाइली पुसल्या, तरी तेच.

धाकटी बहीण येऊन बसली की मात्र ते सरसर उतरतं. तेव्हा मागच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक होते. बाबा तिला तशीच शाबासकी द्यायचे. मला ती कधी मिळाली नाही.

"ताई, तुझ्या हाताला गुणच नाही गं," ती हसते. टकटक तिला ऐकूही येत नाही.

आज ती घरी नव्हती. मी तिचा स्वेटर घातला आणि तिच्यासारखं लाडात म्हणाले, "बाबा, बघा ना."

पॅकेज उतरलं. टकटक झाली.

मी हरखून मागे वळले.

माझा चेहरा दिसताच खुर्ची हळूच मागे सरकली.