लाल लेबल

बाबांचं लोकांची घरं हलवायचं काम. सुट्टीत खोक्यांवर लेबलं मी चिकटवते. आजचं घर नेमकं माझ्या वर्गातल्या दोस्ताचं निघालं, ज्याच्याकडे हल्ली मला नीट बघताही येत नाही.

"सांगणारच होतो गं," तो म्हणाला.

मी "बरं" म्हटलं आणि काचेच्या खोक्यांवर लाल लेबलं लावत राहिले. रडूसुद्धा आलं नाही. निघताना त्याने नेहमीसारखी माझ्या पाठीवर थाप मारली.

एरवी खड्डे न बघता स्कूटर हाणणारे बाबा आज अगदी सावकाश घरी आले.

दारातच आई म्हणाली, "अगं, पाठीला हे काय चिकटलंय? 'नाजूक आहे, जपून न्या'?"



बाबा हेल्मेट काढत म्हणाले, "वाचलं मी मघाशीच. म्हणून तर हळू आणलं तिला."