थांबण्याची जागा

"एकदा बटण दाबायचं आणि निवांत बसायचं," दाजी म्हणाले. "मध्ये कशालाही हात लावायचा नाही."

ड्रमरने मान हलवली. दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. ते हेवी मेटल बँडमध्ये गिटार वाजवायचे आणि काळ्या टी-शर्टमधली अनोळखी पोरंही त्यांना दाजीच म्हणायची. ड्रमरचा उजवा हात कोपरापासून पट्ट्यात होता. चमचा धरा, काठ्या धरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आज त्याच्यासमोर ड्रम नव्हते. एक लॅपटॉप होता आणि त्यात सहा वर्षांपूर्वीचं त्याचंच वाजवणं होतं.

पुढचंही दाजींनी वायर गुंडाळता गुंडाळता काळजीच्या सुरात सांगून टाकलं होतं. आजचा कार्यक्रम सुरळीत पार पडला, तर यापुढे बटण बेसवाला पायाने दाबेल. उगाच सुट्टी टाकून तू कशाला हेलपाटे घालतोस. गाणारे मास्तर तेव्हा कोपऱ्यात गरम पाणी पीत होते. त्यांनी पेल्यातून नजर वर केली नाही. घसा जपत होते की आणखी काही, ते कळायला मार्ग नव्हता.

गाद्यांचं गोदाम होतं, तळघरातलं. आवाज वर रस्त्यावर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना गाद्या उभ्या केल्या होत्या. मालकाची अट एकच होती, गाद्यांना कोणी टेकायचं नाही. दिवसभर उभ्याने काम करून आलेली तीस-चाळीस माणसं त्या गाद्यांकडे बघत उभी होती.

ड्रमरने बटण दाबलं.

गाद्यांवरचं प्लॅस्टिक थरथरलं. दाजींचा हात शिलाई मशीनच्या सुईसारखा वरखाली होऊ लागला. माणसं नाचता नाचता एकमेकांना धडका देऊ लागली. कोणी पडलं की बाकीची थांबून त्याला उचलायची आणि पुन्हा धडका द्यायची. पुढच्या रांगेत एक टक्कल पडलेला माणूस जुन्या सवयीने मान झटकून नसलेले केस उडवत होता. मास्तरांनी माइक तोंडाजवळ घेतला. सकाळी ज्या आवाजात ते वर्गाला अपूर्णांक शिकवत, त्याचा मागमूसही उरला नाही.

ड्रमर स्वतःला ऐकत होता. वाजवणं चांगलं होतं, स्वच्छ आणि भरधाव. शरीराला कोपर असतं हे सहा वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या गावीही नव्हतं. ड्रमरला त्याचा थोडा रागच आला.

दुसऱ्या गाण्यात मास्तरांचा डावा खांदा वर गेला.

खांदा वर गेला म्हणजे छातीतली हवा संपली. हे बँडमध्ये एकट्या ड्रमरलाच माहीत होतं, कारण बाकीचे मास्तरांच्या शेजारी उभे असत आणि तो मागे बसलेला असे. मग तो हात रोखून धरायचा. गिटार एकटी फिरत राहायची, मास्तर श्वास घ्यायचे, आणि तो परत यायचा. याला मधेच लहर येते, अशी दाजींची समजूत होती. मास्तर आणि तो यावर कधी बोलले नव्हते. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र तो खोलीत एकटा होता. त्यामुळे तो कोणासाठी थांबला नव्हता.

मास्तरांनी ओळ अर्धी सोडली. पुढची पकडायला गेले तोवर ठोके तिच्याही पुढे निघून गेले होते. गेला आठवडा ते तापाने पडून होते. तिसऱ्या गाण्यात त्यांनी माइकचा दांडा धरला आणि ते वाकले. लोकांना तो आवेश वाटला, त्यांनी हात उंचावले. मागून मास्तरांची मान लालभडक दिसत होती. वर गेलेला खांदा खाली येत नव्हता.

दाजी डोळे मिटून वाजवत होते. थांबवायला एक बोट पुरेसं होतं. पण परत यायचं तर नेमक्या ठोक्यावर, केसाचाही फरक न पडता, आणि तेही डाव्या हाताने. चुकलं तर गाणं सगळ्यांसमोर कोसळणार होतं. मग पुढच्या वेळी त्याला बोलवायचं का, हा प्रश्नच उरला नसता.

त्याने मशीन थांबवलं.

दाजींचे डोळे खाडकन उघडले. बेसवाला वायरींकडे बघू लागला, पण दोघांची बोटं चालूच राहिली. मास्तरांची पाठ हळूहळू फुगली, पार तळापासून. ड्रमरची टाच जमिनीवर मोजत होती. खांदा खाली आला. त्याने बोट टेकवलं.

सगळं एका जागी येऊन आदळलं. गर्दी ओरडली. मास्तरांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी ओळ घेतली, आणि पूर्ण म्हटली.

त्यानंतर त्याने आणखी काही वेळा मशीन थांबवलं. शेवटच्या गाण्यात दाजी डोळे उघडे ठेवून त्याच्या बोटाकडेच बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर खुर्चीत मागे रेलून बसले. दाजी फडक्याने गिटारच्या तारा पुसत होते.

"आज मशीन सारखं अडकत होतं," ते कोणाकडेच न बघता म्हणाले.

"अडकू दे, दाजी," मास्तर म्हणाले. घसा पार बसला होता, शब्द नुसते वाऱ्यासारखे आले. "वयं झाली आपली."

दाजींनी एक तार दोनदा पुसली. मग ते पुटपुटले, पुढच्या महिन्यात सुट्टी मिळते का बघ.

ड्रमरच्या कानात अजून गुणगुण चालू होती. त्याला काही ऐकू आलं नाही. दाजींना तेच पुन्हा, मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणावं लागलं.