अजब धातूचं गणित

कामिनी तिसऱ्यांदा फोन घेऊन अंगणात आली. मेल आला नव्हता.

"जेव तं खरी," तिची आई गिरजाबाई म्हणाली. "आठ दिवस झाले, धड जेवली नाहीस."

"मेल येऊ दे, मंग जेवतो."

वडील जागेश्वर लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. लेकीचा शोधनिबंध परदेशातल्या मोठ्या मासिकात छापून आला, तेव्हापासून लाखनीतल्या चहाच्या टपरीवर ते जो भेटेल त्याला समजावून सांगत.

"तार तापली का विजेले अडथळा वाढते, हे आपल्याले माहीत. पण काही धातू अजबच असतात. त्यायच्यात तो एकदम सरळ रेषेत वाढते. कडाक्याच्या थंडीपासून. काहून, ते कोणालेच सांगता येत नव्हतं. माह्या पोरीनं गणित मांडून दाखवलं!"

हे ऐकू आलं की कामिनी वाट बदलून घरी येई. पोरगी लाजते, असं लोक म्हणत.

दुपारी पुण्याहून तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला.

"अजून विचार कर, कामिनी. एकदा झालं की मागे फिरता येणार नाही."

"माझं ठरलंय, सर."

"पुढच्या महिन्यात तुझी मुलाखत आहे. तिथे विचारतील."

"विचारू द्या. सांगेन."

गिरजाबाईनं दारातून ऐकलं. "पोरगी विदेशात जाऊन राहिली वाटते," ती हळूच म्हणाली.

"जाऊ दे," जागेश्वर म्हणाले. " तिले अडवजो नोको."

संध्याकाळी मेल आला. कामिनीनं तो उभ्यानंच वाचला आणि मटकन पायरीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती.

"झालं का तुह्या मनासारखं?" जागेश्वरांनी विचारलं.

"झालं, बाबूजी. छातीवरचा दगड उतरला."

त्या दिवशी तिनं दोनदा भात मागून घेतला. गिरजाबाईनं शेजारी साखर वाटली.

"आता मले वाचून दाखव," जागेश्वर म्हणाले. "मराठीत. उद्या टपरीवर सांगतो."

कामिनी त्यांच्याजवळ सरकून बसली. एक श्वास घेतला आणि सावकाश वाचू लागली :

"तुम्ही स्वतः कळवलेली गणितातली चूक आम्ही तपासली. ती दुरुस्त केल्यावर रेषा सरळ येत नाही. तुमच्या विनंतीवरून तुमचा शोधनिबंध आज मागे घेतला आहे."